बिगुल ऐकणारी मंडळी, मर्यादित (नियोजित)

पालकसभेत हल्ली एक प्रश्न हमखास येतो. कुणाचा मुलगा शाळेच्या बँडमध्ये असतो, कुणाची मुलगी बासरी शिकत असते, आणि आई किंवा बाप जरा संकोचून विचारतात, “आम्हाला संगीतातलं काही कळत नाही हो. मग आम्ही घरी काय करायचं?” बाकीचे शिक्षक त्यांना सांगतात, सरावाची वेळ ठरवून द्या, कौतुक करा, शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. सगळं बरोबरच असतं. मी मात्र गप्प बसते. माझ्या डोळ्यांसमोर चेअरमन येतात, आणि चेअरमनबद्दल पालकसभेत सांगायची सोय नाही. सांगायला लागले तर पालकांना वाटेल, बाई भरकटल्या.

पाटोद्याहून शिरूर कासारकडे जाताना आत वळलं की एक गाव लागतं. तिथल्या शाळेवर माझी पहिली नेमणूक झाली. भानुदासराव हे त्या गावातल्या सहकारी दूध संस्थेचे चेअरमन. मी रुजू झाले तेव्हा दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. चारा संपला, दूध आटलं, दूध न्यायला येणारी गाडी यायची थांबली आणि संस्था बंद पडली. चेअरमन बंद पडले नाहीत. संस्थेच्या खोलीत रिकामे कॅन, एक खुर्ची आणि प्रोसिडिंगची कोरी वही उरली होती. रोज सकाळी धुतलेलं धोतर नेसून ते त्या खुर्चीत बसायचे. संस्थेचा रबरी शिक्का त्यांच्या खिशात असायचा आणि शाईचं पॅड पानाच्या डबीत.

सभेच्या रीतीशिवाय या माणसाला जगताच येत नसे. जेवायला बसले की पहिला विषय मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. म्हणजे बायकोला विचारायचं, “काल काय झालतं?” ती म्हणायची, “वांगं.” मग ते मान हलवून वांगं कायम करायचे आणि भाकरी मोडायचे. कुणाच्या घरी मयत झालं तर हे जाऊन आधी दोन मिनिटं उभे राहायचे आणि मग शोकप्रस्तावाला अनुमोदक मागायचे. एकदा दोन शेजाऱ्यांची बांधावरून हाणामारी जुंपली, तर मध्ये पडून यांनी ती तहकूब केली. तहकूब म्हटल्यावर पुढं काय करायचं हे त्या दोघांना कळेना, म्हणून ते घरी गेले.

कुणाचं ऐकून घेणं मात्र त्यांच्या स्वभावात नव्हतं. तुम्ही काहीही सांगा, चेअरमन तुमच्या तोंडाकडे टक लावून बघायचे, तुमचं झालं की “नोंद घेतली” म्हणायचे आणि त्यांना करायचं तेच करायचे. गावाला यात काही विशेष वाटत नव्हतं. चेअरमन म्हटला की तो असाच असणार, हे लोकांनी धरलेलं होतं.

त्यांची बायको वच्छलाबाई हा गावातला सर्वांत मोठा आवाज. नवऱ्याला चहा घ्या म्हणायचं असलं तरी ती असं ओरडायची की पारावरची माणसं चहाला उठायची. “लई कडक बाई हाय,” असं लोक म्हणायचे आणि चेअरमनची कीव करायचे. मीही करायचे.

त्या वर्षी शाळेला वरून बँडचं साहित्य आलं. एक मोठा ढोल, दोन लहान ढोल, झांजा, एक ट्रँगल आणि एक बिगुल. माझ्या एका जुन्या प्रमाणपत्रावर ‘समूहगीत’ असा शब्द होता, तेवढ्यावरून हेडमास्तरांनी बँड माझ्या गळ्यात घातला. ढोलांसाठी मारामारी झाली, झांजा पळवल्या गेल्या, ट्रँगल हेडमास्तरांच्या भाचीला गेला. बिगुल कुणी घेईना, कारण त्यातून आवाजच निघत नव्हता. मोठमोठ्या मुलांनी लाल होईपर्यंत फुंकून पाहिलं. शेवटी मागच्या बाकावर बसणाऱ्या सातवीतल्या मंदाच्या हातात तो आला. मंदा चेअरमनची धाकटी मुलगी. बोलायची कमी. तिने बिगुल फ्रॉकला पुसला, दप्तरात घातला आणि घरी नेला.

दुसऱ्या दिवशी चेअरमन शाळेत हजर.

“बाई, वाद्य पोचलं. आता जिम्मेदारी कुणाची?”

“शिकवायची माझी,” मी म्हणाले. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

“शिकवणार तुमी. वाजवणार मंदी. मंग ऐकणार कोण?”

“जो जवळ असेल तो ऐकेल.”

“तसं न्हाई चालत. आमची संस्था कावून बुडाली? म्हशी आटल्या हे खरं, पण त्याच्या आधी गाडी यायची बंद झाली. न्यायला कुणी येईना म्हटल्यावर लोकांनी हाय ते दूध बी घालायचं सोडलं. लेकराचं बी तसंच हाय. ऐकायची गाडी रोज येळंवर आली पायजे.”

इतका सरळ विचार मी डी.एड.च्या दोन वर्षांत ऐकला नव्हता. पण मला वाटलं ते स्वतः ऐकायला बसतील. चेअरमनने संस्था काढली.

‘बिगुल ऐकणारी मंडळी, मर्यादित’ आणि कंसात ‘नियोजित’. वेगवेगळ्या घरांतले दहा प्रवर्तक पाहिजेत म्हणून ते दारोदार फिरले. भागभांडवल म्हणजे आठवड्यातून अर्धा तास ऐकणं. ज्याची पाळी असेल त्याने यायचं, ऐकायचं आणि काय ऐकलं ते प्रोसिडिंगच्या वहीत लिहून सही करायची. दुष्काळात माणसांकडे दुसरं काही नसलं तरी वेळ होता, त्यामुळे सभासद मिळाले. न्हावी होता, पोस्टमन होता, म्हैस राखून असलेली शेजारची सखूबाई होती. मला तज्ज्ञ संचालक केलं. बिगुल मी त्याआधी फक्त चित्रात पाहिला होता.

पहिल्या ठरावाने टँकरच्या पाण्यातला एक तांब्या बिगुलासाठी राखून ठेवला, कारण कोरड्या तोंडाने तो वाजणार नाही असं पोस्टमनने कुठंतरी वाचलं होतं. वच्छलाबाईने या ठरावाला विरोध केला. ती प्रत्येकच ठरावाला विरोध करायची, उंबऱ्यात उभी राहून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा. चेअरमन तिला शांतपणे ‘ऐनवेळच्या विषयांत’ घालायचे.

ती वही मी पुढं पुष्कळदा चाळली. सुरुवातीच्या नोंदी अशा आहेत: ‘आज रोजी बिगुलातून हवा निघाली. आवाज निघाला नाही. सभा तहकूब.’ ‘आवाज निघाला, परंतु तो बिगुलाचा की मंदाचा याबाबत सभासदांत मतभेद.’ ‘हवा कालच्यापेक्षा जोरात. सर्वानुमते समाधान.’ चेअरमन रोज संध्याकाळी या नोंदी बोट ठेवून वाचायचे, शिक्का मारायचे आणि मंदाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, “प्रगती हाय.”

दसऱ्याच्या सुमारास मारुती मुकादम गावात आला. तो वच्छलाबाईचा सख्खा भाऊ, ऊसतोडीच्या टोळ्या न्यायचा. दिवाळी झाली की ट्रक भरायचे आणि अर्धं गाव लांब कर्नाटकाच्या हद्दीकडं जायचं. वच्छलाबाई आणि तिचा थोरला मुलगा दरवर्षी जायचे. चेअरमनला मुकादम नेत नसे. “त्येला नेऊन काय करू? मागून ट्रॅक्टर आला तरी हलत न्हाई, चेअरमन असल्यागत उभा ऱ्हातो,” असं तो चारचौघांत सांगायचा आणि माणसं हसायची. या वर्षी त्याने मंदाला मागितलं. कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपडीवर, भाकरी थापायला आणि त्याची लहान पोरं सांभाळायला तो कुणीतरी शोधत होता.

एकदा गेलेली मुलगी शाळेत परत येत नाही, हे मला तोवर कळलं होतं. चेअरमनला ते माझ्या आधीपासून माहीत होतं. ते म्हणाले, मंदा बँडात आहे, ती जाणार नाही. मुकादम म्हणाला, “कसला बँड? महिना झाला, फुसफुस करतीय नुसती.” वच्छलाबाई दोघांच्या मध्ये उभी होती. तिने निकाल दिला आणि तो साऱ्या गावाने ऐकला:

“ट्रक निघायच्या आत वाजलं तर पोरगी ऱ्हाईल. न्हाई वाजलं तर ट्रकात बसंल.”

“वाजलं का न्हाई ते सर्वसाधारण सभा ठरवील,” चेअरमन म्हणाले.

“तुमची सभा मला नका सांगू. शेणाला बी तुमी अनुमोदन घेता. माझ्या भावाच्या कानांनी ऐकलं पायजे.”

त्या दिवसापासून सराव दुप्पट झाला आणि दुसऱ्याच दिवशी सखूबाईची लेखी तक्रार आली. हवा जोरात सुटताना एखादेवेळी जो विचित्र आवाज यायचा, त्याने तिची म्हैस पान्हा चोरत होती. गावात दूध देणाऱ्या म्हशी बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या होत्या, तक्रार गंभीर होती. चेअरमनने सराव संस्थेच्या बंद खोलीत हलवला. तिथं रिकाम्या कॅनमध्ये हवा घुमायची आणि पाळीवर आलेल्या सभासदाचं डोकं धरायचं. न्हाव्याने राजीनामा दिला. तो स्वीकारण्यात आला नाही.

त्याच खोलीत मला ते कळलं. माझी पाळी होती. चेअरमन दाराकडे तोंड करून खुर्चीत बसले होते, पाठीमागे मंदा उभी. तिने बिगुल तोंडाला लावला, दोनदा फुंकला आणि खाली घेतला. मग ती नुसतीच उभी राहून रडायला लागली. हुंदकेसुद्धा मोठे होते. चेअरमन समोर बघत, गुडघ्यावर बोटांनी हळूहळू ठेका धरून बसले होते. थोड्या वेळाने घड्याळ बघून ते म्हणाले, “आज बरं जमलं.”

मंदाने माझ्याकडे बघितलं. तिला ठाऊक होतं. मी चेअरमनच्या समोर जाऊन उभी राहिले, त्यांना तोंड दिसेल अशी, आणि हळूच विचारलं, “तुम्हाला ऐकू येत नाही?”

त्यांनी खिशातला शिक्का चाचपला. मग म्हणाले, “दोन सालं झाली बाई. डाव्यानं कायच न्हाई. उजव्यानं अगदी कानाशी इंजिन सुरू झालं तरच कळतं. गावाला सांगू नका. बहिरा चेअरमन म्हटलं की सभा बरखास्त.”

मला एकदम तो सगळा माणूस उलटा दिसायला लागला. ते टक लावून तोंडाकडे बघणं, ते ‘नोंद घेतली’, ट्रॅक्टर आला तरी न हलणं. दोन वर्षं हा माणूस ठार बहिरा होता आणि गावात एकालाही संशय आला नाही, कारण चेअरमन ऐकून घेत नाही यात शंका यावी असं कुणालाच काही दिसलं नाही.

“वच्छलाबाईंना माहीत आहे?”

“तिला न्हाई तर कुणाला? ती वरडती कावून मंग? लोकांला वाटतं, भांडती.”

मी खाली बघितलं. त्या बाईबद्दल मी शाळेत चहा पिताना काय काय बोलले होते ते मला आठवलं आणि लाज वाटली.

“म्हणून तुम्ही ती वही ठेवली,” मी म्हणाले.

“मला ल्हिलेलं ऐकू येतं,” ते म्हणाले. “पण हे लोक हवा, हवा येवढंच ल्हितात.”

बिगुल वाजवायला फुंकायचं नसतं, हे मला आता ठाऊक आहे. ओठ मिटून ते थरथरवायचे असतात. तेव्हा ते आमच्या मंडळीत कुणालाच माहीत नव्हतं, तज्ज्ञ संचालकांना तर नव्हतंच. मंदा चुलीला फुंकणीने फुंकावं तशी फुंकत होती, कारण फुंकायचं तेवढंच शिक्षण तिला घरी मिळालं होतं. दिवाळीच्या आधी चार दिवस ती अंगणात अशीच फुंकत बसलेली असताना वच्छलाबाई चिडून म्हणाली, “काय चूल पेटवायलीस का काय? तोंड बघ जरा तुजं. सखूची म्हैस फुरफुरती बघ कशी, तेवढं बी येत न्हाई तुला.” आणि तिने स्वतःच म्हशीसारखे ओठ मिटून फुर्र करून दाखवलं. मंदाने बघितलं, तसंच बिगुलात केलं, आणि दीड महिना मुका असलेला तो पितळी नग एकदम हंबरला. अंगणातल्या कोंबड्या भिंतीवर चढल्या. वच्छलाबाई आत निघून गेली आणि मोठ्याने भांडी घासायला लागली. तिने ते चिडून केलं की ठरवून, हे मला अजून सांगता येत नाही. भाऊ तिचा, पोरगी तिची आणि नवराही तिचाच होता.

पण हंबरणं म्हणजे वाजणं नव्हे, असं मुकादमाचं म्हणणं पडलं. तो अंगणात नव्हता, त्याने ऐकलं नव्हतं, आणि ऐकायला ये म्हटलं की त्याला ट्रकचं काम निघायचं. इकडं सखूबाईने दुसरी तक्रार दिली. तेव्हा चेअरमनला विहीर सुचली. त्यांची विहीर दोन वर्षं कोरडी होती. खोल, गोल, दगडांनी बांधलेली, आत उतरायला पायऱ्या. “खाली गेलं की आवाज खालीच ऱ्हाईल. कुणाला तरास न्हाई,” ते म्हणाले. ऐकू येणाऱ्या माणसाला ही कल्पना सुचली नसती.

भाऊबीजेच्या सकाळी बापलेक विहिरीत उतरले. वर काठावर मी पाळीला बसले. चेअरमन तळाशी दगडाला पाठ आणि दोन्ही तळवे टेकून बसले. मंदा मधोमध उभी राहिली. तिने ओठ मिटले.

पहिल्यांदा खालून नुसती फुरफुर आली. मग जो आवाज निघाला तो बिगुलाचा राहिलाच नाही. तो विहिरीत फिरला, दगडांवर आपटून जाड झाला आणि वर येऊन शिवारभर पसरला. मी दचकून मागं सरले. मंदाला आत किती मोठा वाटत होता कोण जाणे, तिने तोच सूर लांबवला, थांबली, दम घेतला आणि पुन्हा धरला.

त्यानंतर गावात जे झालं ते फक्त तिथंच होऊ शकतं. डोंगराच्या पलीकडे एक साखर कारखाना होता, सहकारी, दोन हंगाम ऊस नाही म्हणून बंद. पूर्वी त्याचा भोंगा वाजला की हंगाम सुरू व्हायचा आणि पुष्कळांना घरून जाऊन ऊस तोडता यायचा, पोरंबाळं घेऊन परमुलखात जावं लागायचं नाही. तो भोंगा दोन वर्षं कुणी ऐकला नव्हता, पण कान त्याच्याकडे लागलेले होते. कुणीतरी म्हणालं, भोंगा. बघता बघता गल्ल्या रिकाम्या झाल्या. ट्रकवर बांधलेल्या वळकट्या दोघातिघांनी सोडल्यासुद्धा. बायका ओवाळायची ताटं हातात घेऊन निघाल्या. आवाज चेअरमनच्या विहिरीकडून येतोय म्हणजे चेअरमनला बातमी लागलेली असणार, असा सगळ्यांनी हिशेब केला. पंचक्रोशीत उसाचं टिपरू उभं नाही आणि कारखाना कशावर चालेल, हे विचारायला कुणी थांबलं नाही.

सगळ्यांच्या पुढं मारुती मुकादम. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, काखेत टोळीच्या नावांची वही. त्याची सगळी टोळी हातची जाणार होती.

“चेअरमन, कारखाना कवा सुरू झाला?” तो विहिरीत वाकून ओरडला. “मला कावून सांगितलं न्हाई?”

चेअरमनला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. ते पायऱ्या चढून वर आले. समोर अख्खं गाव उभं. त्यांनी डावीकडून उजवीकडे नजर फिरवली आणि त्यांचा चेहरा फुलला. ते म्हणाले, “कोरम झाला. बसा.”

त्यांच्या मागून मंदा वर आली. तिच्या हातात बिगुल होता. लोकांनी बिगुलाकडे बघितलं, विहिरीकडे बघितलं आणि त्यांना कळलं. कुणी ओरडलं नाही. एक म्हातारा एवढंच म्हणाला, “ऊस कुटं हाय बे भोंगा वाजायला.” हे सगळ्यांना आधीपासूनच माहीत होतं. वळकट्या सोडलेले मान खाली घालून उभे राहिले.

“विषय नंबर एक,” चेअरमन म्हणाले. “मंदीचं बिगुल वाजलं का न्हाई. वाजलं म्हणणाऱ्यांनी हात वर करा.”

एकही हात वर झाला नाही. फसलेला माणूस मत देत नाही. चेअरमन एकेकाच्या तोंडाकडे बघत होते आणि काय चुकलं ते त्यांना कळत नव्हतं. मी हात वर करावा की नाही या विचारात होते, इतक्यात गर्दीतून वच्छलाबाई पुढं आली. हात पिठाने भरलेले. ती थेट भावासमोर जाऊन उभी राहिली.

“तू कावून पळत आलतास रं?”

“भोंगा वाजला म्हून.”

“काय झालं म्हून?”

मुकादमाने वही एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

“तुजी दुसरी चप्पल कुटं हाय?”

त्याने पायाकडे बघितलं.

“मंग धर हात वर.”

मारुती मुकादमाने हात वर केला. त्याच्या मागून पोस्टमनने केला, मग न्हाव्याने, मग सखूबाईने, मग सगळ्या गावाने. वच्छलाबाईने केला नाही. ती नवऱ्याजवळ गेली आणि त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन काहीतरी म्हणाली, इतकं हळू की शेजारी उभ्या असलेल्या मला ऐकू आलं नाही. त्या बाईला हळू बोलताना मी एकदाच पाहिलं. चेअरमनने मान हलवली आणि खिशातून शिक्का काढला. पण वही घरी राहिली होती, म्हणून तो त्यांनी नुसताच हातात धरून ठेवला.

दोन दिवसांनी ट्रक गेले. वच्छलाबाई गेली, थोरला गेला. मंदा राहिली.

सव्वीस जानेवारीला तालुक्याच्या मैदानावर झेंड्याला सलामी द्यायची होती. निम्मा बँड ऊस तोडायला गेलेला. एक ढोल, ट्रँगल आणि मंदाचा बिगुल एवढंच उरलं होतं. चेअरमन दोरीच्या अलीकडे अगदी पुढं उभे होते आणि मंदाच्या गालांकडे बघत होते. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला एका झाडाखाली नेलं आणि वही पुढं केली.

“ल्हिवा. कसं वाजलं ते.”

मी सवयीने लिहिलं, ‘सलामी उत्तम झाली. मंजूर.’

त्यांनी वाचलं आणि वही परत माझ्या हातात दिली. “असं नगं. मी कोपीवर चाललोय, वच्छीला वाचून दाखवाया. तिनं ऐकलं न्हाई, ती हितं न्हाई. मी हितं हाय आन् मला ऐकू येत न्हाई. दोघांच्या वाटणीचं ल्हिवा.”

मी झाडाखाली बसून दीड पान लिहिलं. पहिला सूर कसा साफ आला आणि मैदानावर बसलेले पारवे कसे उडाले. तिसरा सूर फाटला, मंदा घाबरली, मग तिने दम घेतला आणि शेवटचा इतका लांब धरला की झेंड्याची दोरी धरलेले साहेब थांबून तिच्याकडे बघायला लागले. फाटला ते लिहू नये असं वाटलं होतं, पण लिहिलं. आयुष्यात एवढं लक्ष देऊन मी काही ऐकलं नव्हतं, हे मला लिहिताना कळलं. चेअरमनने दोनदा वाचलं. फाटला या शब्दावर त्यांचं बोट थांबलं.

“हे बेस झालं,” ते म्हणाले. “आता तिला खरं वाटंल.”

एक एसटी, दुसरी एसटी आणि पुढं उसाच्या ट्रॅक्टरवर बसून ते गेले. चार दिवसांनी परत आले आणि त्यांनी वही माझ्यासमोर उघडून धरली. माझ्या दीड पानाच्या खाली त्यांच्या अक्षरात ‘सूचक’ असं लिहून माझं नाव घातलं होतं. त्याच्या खाली ‘अनुमोदक’, आणि तिथं अंगठा. शाईचा नव्हता. जाळलेल्या उसाच्या काजळीचा, मोठा, जरा फरफटलेला. वच्छलाबाईने जन्मात कुठल्या ठरावाला दिलेलं ते पहिलं अनुमोदन. मी वर्गावर जायच्या ऐवजी शाळेच्या मागं जाऊन रडले.

जूनमध्ये माझी बदली झाली. निघायच्या दिवशी फाट्यावर मला पोचवायला तिघंही आली होती. वच्छलाबाईने भाकरीचं गाठोडं दिलं आणि साऱ्या फाट्याला ऐकू जाईल अशा आवाजात नवऱ्याला सांगितलं की बाईंची पेटी वर चढवा. त्यांनी चढवली. मग ते म्हणाले, “गाडी सुटली की मंदी वाजवंल. तुमी ऐकून जावा. आजची पाळी तुमची हाय.”

मी खिडकीशी बसले. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं आणि ती जुनी एसटी अशी खडखडायला लागली की शेजारची बाई काय बोलतेय तेही मला कळेना. रस्त्याकडेला मंदाने बिगुल तोंडाला लावला. तिचे ओठ मिटलेले दिसले, मग गाल, मग गळ्याची शीर. चेअरमनने वही उघडून धरली होती आणि ते मंदाकडे बघत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते. मला एक सूरही ऐकू आला नाही.

मी खिडकीतून हात वर केला. एसटीतल्या लोकांना वाटलं, बाई निरोप देतायत. चेअरमनने तो मोजला, मान हलवली आणि गाडी वळायच्या आत वहीत लिहून घेतलं.